विकास आराखडा जाहीर झालाय? हरकत-सूचनेपासून सुनावणीपर्यंत काय-काय करायचं

शहराचा विकास आराखडा, म्हणजे सगळे ज्याला 'डीपी' म्हणतात तो, साधारण वीस वर्षांतून एकदा नव्याने होतो. तो आल्याची बातमी मोठी होते, पण तुमच्या कामाची जाहीर सूचना मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या शेजारी, बारीक अक्षरांत छापलेली असते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपल्या गल्लीतून किती मीटरचा रस्ता जाणार, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मैदान राहणार की दुसरंच काही, टेकडीचा उतार नकाशात हिरवा (मोकळा) राहणार की पिवळा (रहिवासाचा), या सगळ्यावर तुम्हाला बोलता येतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात तशी सोय आहे. पण ती वापरायची कशी हे कुणी सांगत नाही. आमच्या सोसायटीतर्फे आणि नंतर स्वतःच्या नावानेही मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे तुमचा परिसर नसतो, कागद असतात. ज्या जागेविषयी कागद आला तिचाच विचार होतो. जो मुद्दा लेखी नाही, तो कितीही खरा असला तरी फाइलीत नाही. मोर्चा, नगरसेवकाला भेट, व्हॉट्सअॅपवरची चर्चा हे सगळं जरूर करा, पण मुदतीच्या आत लेखी अर्ज दिला नसेल तर त्यातलं काहीही सुनावणीपर्यंत पोचत नाही.

१. आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी शोधा

बहुतेक लोक प्रारूप, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर जागे होतात. त्याआधीही टप्पे असतात. ओळीने असे:

- कलम २३: आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो. इथेही नागरिकांकडून हरकती-सूचना मागवतात. फारसं कुणी काही देत नाही.
- कलम २५: जमिनीवर आज काय आहे याची पाहणी होऊन विद्यमान भूवापर नकाशा बनतो.
- कलम २६: प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. आपलं मुख्य काम इथे.
- कलम २८: नियोजन समिती सुनावणी घेते आणि अहवाल देते.
- कलम ३०: सुधारित प्रारूप राज्य शासनाकडे जातं.
- कलम ३१: शासन मंजुरी देतं.

विद्यमान भूवापर नकाशाकडे दुर्लक्ष करू नका. पुढचा आराखडा याच नकाशावर बेतलेला असतो. त्यात तुमची बाग 'मोकळी जागा' म्हणून किंवा चाळ 'रिकामी जमीन' म्हणून दाखवली गेली, तर पुढचं आरक्षणही (म्हणजे मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणं) चुकीच्या समजुतीवर पडणार. मुंबईच्या २०१४-३४ च्या आराखड्याच्या वेळी या नकाशांत असलेल्या चुका नागरिकांनी दाखवून दिल्या होत्या. त्या आराखड्याचं पहिलं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने ते नव्याने करायला लावलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. सांगायचा मुद्दा, लोकांनी लिहिलेल्या कागदांमुळे अख्खं प्रारूप मागे गेल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

दुसरं म्हणजे, तुमचा प्रश्न आराखड्याचा आहे का हे तपासा. फुटपाथ उखडलाय, दिवे बंद आहेत, कचराकुंडी चुकीच्या जागी आहे, हे प्रश्न क्षेत्रीय कार्यालयाचे आणि प्रभागाच्या अंदाजपत्रकाचे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवण्याची पद्धत आहे. असे विषय तिकडे न्यावेत. आराखड्यात बोलायचं ते जमिनीच्या वापराबद्दल, आरक्षणाबद्दल, रस्त्याच्या आखणीबद्दल, झोनबद्दल आणि सोबतच्या विकास नियंत्रण नियमांबद्दल. हरकतीच्या अर्जात खड्ड्यांची तक्रार घातली की वाचणारा वैतागतो आणि मूळ मुद्दाही हलका होतो.

२. जाहीर सूचना मिळवा आणि तारखा टिपून ठेवा

सूचना शासन राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते, महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या संकेतस्थळावरही असते. तिचा फोटो नको, पूर्ण प्रत घ्या. तिच्यात चार गोष्टी शोधा: मुदत किती (३० दिवस किंवा ६० दिवस असं स्पष्ट लिहिलेलं असतं), ती कोणत्या तारखेपासून मोजायची, अर्ज कोणाच्या नावे करायचा, आणि नकाशे कुठे पाहायला ठेवलेत.

सापळा इथेच आहे. वर्तमानपत्रातली तारीख आणि राजपत्रातली तारीख वेगळी असू शकते, आणि मुदत कोणत्या तारखेपासून धरायची हे सूचनेत लिहिलेलं असतं. शेजारच्याने 'अजून आठवडा आहे' म्हटलं म्हणून थांबू नका. मुदतवाढ मिळते असंही लोक छातीठोकपणे सांगतात. कधी मिळते, कधी नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

'बघू पुढे' म्हणायलाही जागा नाही. प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासूनच बांधकाम परवानगी देताना त्याचा विचार करणं नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे आराखडा करणाऱ्या महापालिकेवर किंवा नगरपरिषदेवर, बंधनकारक आहे (कलम ४६). म्हणजे अंतिम मंजुरीला काही वर्षं लागली, तरी तुमच्या प्लॉटवर पडलेल्या रेषेचा परिणाम आजपासूनच सुरू होतो.

३. नकाशा स्वतः जाऊन बघा

संकेतस्थळावरची पीडीएफ मोबाइलवर मोठी करून बघणं म्हणजे नकाशा बघणं नव्हे. नगररचना विभागात किंवा सूचनेत दिलेल्या सभागृहात मोठ्या शीट लावलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात जा. शेवटच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि समजावून सांगणारा कर्मचारीही थकलेला असतो.

जाताना सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून न्या. 'गणपती मंदिराच्या मागे' अशा पत्त्याने नकाशात काहीही सापडत नाही. आमच्या वेळी एक आजोबा हातात घरपट्टीची पावती घेऊन शीटसमोर उभे होते. पावतीवर मिळकत क्रमांक होता, सर्व्हे नंबर नव्हता. शेवटी शेजारच्या बाईने स्वतःच्या प्लॉटवरून बोट सरकवत नेलं, नाला ओलांडला, आणि त्यांचं घर शोधून दिलं. त्यांच्या घरावरून एक तुटक रेषा गेली होती. ती रुंदीकरणाची की नव्या रस्त्याची, हे मात्र संकेतसूची पाहिल्याशिवाय दोघांनाही सांगता येईना.

म्हणून पहिलं काम संकेतसूची वाचायचं. सर्वसाधारणपणे पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे वाणिज्य, हिरवा म्हणजे शेती, ना-विकास किंवा मोकळ्या जागा. पण छटा आणि आडव्या-तिरप्या रेघांनी अर्थ बदलतो, तेव्हा अंदाज करू नका. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन सोबतच्या अहवालातला आरक्षणांचा तक्ता काढा: प्रयोजन काय, क्षेत्र किती, जमीन कोण संपादन करणार. नकाशात 'मैदान' आणि तक्त्यात भलतंच प्रयोजन, अशी विसंगती सापडली तर ती हरकतीचा उत्तम मुद्दा आहे, कारण ती नाकारता येत नाही.

मग प्रमाण बघा. नकाशा १:४००० असेल तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ४० मीटर. १८ मीटरचा रस्ता त्यावर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही बारीक दिसतो. रस्त्याची कड तुमच्या कुंपणावरून जाते की जिन्यावरून, हे एवढ्या नकाशावर डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून त्या भागाचा भाग नकाशा मागा. प्रारूपाच्या प्रती आणि उतारे वाजवी किमतीला विकत मिळाले पाहिजेत अशी कायद्यातच तरतूद आहे, तेव्हा 'प्रती संपल्या' हे उत्तर मिळालं तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

सोबतचा अहवालही पाहायचा हक्क आहे. नकाशा सगळे बघतात, अहवाल कुणी उघडत नाही. पुढच्या वीस वर्षांतली लोकसंख्या किती धरली, त्या हिशेबाने शाळा, दवाखाने, मैदानं किती लागतात आणि प्रत्यक्षात किती दिली, हे त्यात असतं. 'आमच्या भागात मैदान कमी आहे' असं लिहिण्यापेक्षा 'अहवालातल्या अमुक पानावरच्या निकषानुसार या सेक्टरमध्ये इतकी तूट आहे' असं लिहिलं की समितीला ते खोडणं अवघड जातं.

४. कागदपत्रं जमवा

सगळ्यांना सगळी लागत नाहीत, पण यादी हाताशी असू द्या:

- सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, अलीकडची
- मोजणी नकाशा असल्यास त्याची प्रत
- इमारतीचा मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र
- प्रारूपाचा भाग नकाशा, आपली जागा रंगीत पेनाने दाखवलेला
- जुन्या मंजूर आराखड्याचा त्याच जागेचा भाग नकाशा किंवा झोन दाखला
- जागेचे फोटो. शक्य असेल तर उपग्रह छायाचित्र, तारखेसकट
- सोसायटी असेल तर व्यवस्थापक समितीचा ठराव आणि सही करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र
- अर्जदाराचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा

भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती भरपूर आहेत. नसेल तर नसल्याचं लपवू नका. बांधकाम परवानगी, घरपट्टीची जुनी पावती, वीजबिल, जे आहे ते जोडा. इमारत प्रत्यक्षात उभी आहे आणि लोक राहतात, हे सिद्ध करणं एवढाच तिथे हेतू आहे.

जुना आराखडा विसरू नका. जागेवर आधी मैदानाचं आरक्षण होतं आणि नव्या प्रारूपात ते गायब झालंय, हे नुसता नवा नकाशा पाहून कधीच कळणार नाही. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. आमच्या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला अशीच सापडली.

५. हरकत लिहा: एक जागा, एक मुद्दा, एक मागणी

इथे बहुतेकांचे अर्ज वाया जातात. चार पानं भरून संताप, शहराच्या ऱ्हासाचा इतिहास, लोकप्रतिनिधींचा उद्धार, आणि शेवटी 'तरी योग्य तो विचार व्हावा'. योग्य तो विचार म्हणजे काय? समितीने नकाशात नेमकं काय बदलायचं? तेच लिहिलेलं नसतं.

अर्ज वाचणाऱ्या माणसाची अडचण समजून घ्या. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. इतक्या गठ्ठ्यातून तुमचा कागद वर काढणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत जागा, मुद्दा आणि मागणी दिसली पाहिजे. वेगवेगळ्या तीन जागांबद्दल म्हणणं असेल तर तीन वेगळे अर्ज द्या. एकत्र दिलात तर एकीवरच निर्णय होतो आणि बाकीच्या दोन कुठल्यातरी गठ्ठ्यात राहतात.

नमुना असा (क्रमांक अर्थातच तुमचे घाला):

*विषय: प्रारूप विकास योजनेतील प्रस्तावित १८ मीटर रुंद रस्ता, सर्व्हे क्र. ४५/२. अधिनियमाच्या कलम २६ (१) अन्वये हरकत.*

*वस्तुस्थिती: सदर सर्व्हे क्रमांकावर मंजूर नकाशानुसार बांधलेल्या दोन निवासी इमारती असून त्यांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले आहे (प्रत सोबत). विद्यमान भूवापर नकाशात ही जागा रिकामी दाखवली आहे.*

*हरकत: प्रस्तावित रस्त्याची आखणी यांपैकी पूर्वेकडील इमारतीवरून जाते.*

*मागणी: रस्त्याची आखणी पूर्वेकडे सरकवून सर्व्हे क्र. ४५ व ४६ यांच्या सामाईक हद्दीवरील सध्याच्या वहिवाटीच्या रस्त्यावरून करण्यात यावी. पर्यायी आखणी सोबतच्या भाग नकाशावर लाल रेषेने दाखवली आहे.*

*मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.*

शेवटची ओळ वगळू नका. आणि 'पर्यायी आखणी' हा भाग सगळ्यात मोलाचा. रस्ता नकोच, असं म्हटलं की समिती विचारते, मग वाहतूक कुठून न्यायची? उत्तर तुमच्याकडे तयार असलं की चर्चा रस्ता हवा की नको यावरून रस्ता कुठून जावा यावर येते, आणि तिथे तुम्ही जिंकू शकता. फक्त एक सांभाळा: तुमचा पर्याय शेजाऱ्याच्या घरावरून जाणार असेल तर तो शेजारीही सुनावणीला येणार आहे. शक्य असेल तर त्याच्याशी आधी बोला.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा छापील नमुना सही करून देण्याचा मोह होतो. त्याने आकडा वाढतो हे खरं, पण एकाच मजकुराचे हजार अर्ज एकत्र बांधले जातात आणि त्यांच्यावर मिळून एकच शेरा येतो. छापील नमुना द्यायचाच असेल तर खाली हाताने दोन ओळी स्वतःच्या लिहा: मी कुठे राहतो, या जागेचा मला काय उपयोग आहे.

आणि हो, 'आरक्षण उठवून देतो, वर ओळख आहे' असं सांगणारी माणसं या काळात दारोदार फिरतात. पैसे मागतात. नकाशा सगळ्यांसमोर, सुनावणी सगळ्यांसमोर. यात दलालाचं काम काहीही नाही. आर्किटेक्ट किंवा वकिलाची रीतसर फी देऊन मसुदा करून घेणं वेगळं, ते गरज पडल्यास जरूर करा.

६. जे चांगलं आहे त्याला लेखी पाठिंबा द्या

हे कुणीच करत नाही, म्हणून याला वेगळा मथळा दिलाय.

समजा तुमच्या शेजारच्या एकरभर जागेवर प्रारूपात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. तुम्ही खूश. तुमची चारशे कुटुंबांची वसाहत खूश. कुणी काही लिहीत नाही, कारण हरकत घ्यायची कशाला? जमीनमालक मात्र हरकत घेतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही, तो त्याचा हक्क आहे. त्याचा अर्ज वकिलाने लिहिलेला असतो, सोबत नकाशे असतात, जवळच दुसरं मैदान असल्याचा दाखला असतो. सुनावणीच्या दिवशी समितीपुढे त्या जागेबद्दल एकच कागद आणि एकच माणूस. आरक्षण वगळण्याची किंवा निम्मं करण्याची शिफारस झाली तर नवल कसलं?

म्हणून प्रारूपातल्या ज्या आरक्षणाचा तुम्हाला उपयोग आहे त्याच्या बाजूने सूचना दाखल करा. मजकूर सोपा: 'आरक्षण क्र. अमुक, मैदान, हे कायम ठेवावे. कारण परिसरात अर्धा किलोमीटरच्या आत दुसरे सार्वजनिक मैदान नाही. जवळचे मैदान हमरस्ता ओलांडून आहे. परिसरातील शाळांची नावे व अंतरे सोबत.' शाळेचे मुख्याध्यापक, ज्येष्ठ नागरिक संघ, क्रीडा मंडळ यांच्याकडून स्वतंत्र पत्रं घ्या. इथेही सुनावणी मागा, म्हणजे मालकाच्या हरकतीवर बोलायला तुम्हीही तिथे असाल.

संपूर्ण प्रक्रियेत यापेक्षा जास्त फळ देणारं काम मला तरी दुसरं दिसलं नाही.

७. अर्ज दाखल करा, पोच घ्या

दोन प्रती. एक तिथे द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही. 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हणाले तर ठेवून जाऊ नका. आवक-जावक विभागात द्या. ईमेल चालतो का हे सूचनेत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर फक्त ईमेलवर भिस्त ठेवू नका, स्पीड पोस्टाने किंवा हातोहात द्या.

नगरसेवकाच्या किंवा पक्षाच्या कार्यालयात जमा केलेले गठ्ठे कधी पोचतात, कधी त्यांची मिळून एकच पोच मिळते आणि ती तुमच्याकडे नसते. सुनावणीची नोटीस तुमच्या पत्त्यावर यायला हवी असेल तर अर्ज तुमच्या नावे, तुमच्या पत्त्यासह, तुमच्या आवक क्रमांकाने गेला पाहिजे. मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत लिहा.

८. सुनावणी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्याबरोबर नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार बाहेरचे सदस्य नेमलेले असतात. लोक लोकप्रतिनिधींकडे बघून बोलतात. माझा सल्ला, बाहेरच्या तज्ज्ञांकडे बघून बोला. तांत्रिक प्रश्न तेच विचारतात.

वेळ थोडा मिळतो. आत गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा 'सर्व्हे नंबर?' एवढाच. तो सांगेपर्यंत त्यांच्यातलं कुणीतरी शीट शोधत असतं, आणि ती सापडेपर्यंत तुमच्या वाट्याचा वेळ चाललेला असतो. त्यामुळे भाग नकाशाच्या तीन-चार प्रती न्या आणि बसताबसता टेबलावर ठेवा. मग बोला: जागा ही, अडचण ही, मागणी ही. अर्जात जे आहे तेच. नवीन मुद्दे तिथे सुचले तर ते लेखी म्हणणं म्हणून त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या, नुसतं तोंडी सोडू नका.

सोसायटीतर्फे पंधरा जण गेलात तर बोलायला एकच ठेवा. बाकीच्यांनी हजेरीवर सही करावी. आवाज चढवून काही मिळत नाही, उलट समोरचे लगेच 'नोंद घेतली' म्हणून पुढचं नाव पुकारतात. तारीख जमत नसेल तर आधीच लेखी कळवा आणि अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा. गैरहजर राहिलात तरी अर्ज बाद होत नाही, पण तुमच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

९. सुनावणी झाली म्हणजे संपलं असं समजू नका

खरं लक्ष ठेवायची वेळ यानंतर येते, आणि तोवर सगळे पांगलेले असतात. समिती अहवाल देते, त्यावर प्राधिकरण बदल करतं आणि बदललेलं प्रारूप पुन्हा प्रसिद्ध होतं. तुमच्या हरकतीवर काय शिफारस झाली हे तुम्हाला आपणहून कळवलं जाईलच असं नाही. माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. मागताना 'नियोजन समितीच्या अहवालातील आवक क्रमांक अमुक यावरील शिफारशीची प्रत' असं नेमकं मागा. 'आराखड्याविषयी सर्व माहिती' मागितलीत तर हाती काही लागणार नाही.

आणि तुमच्या हरकतीखेरीज आजूबाजूच्या जागांवर काय बदल झाले तेही बघा. तुमची हरकत मान्य होऊन रस्ता सरकला, पण तो ज्या जागेवर गेला तिथलं उद्यान गेलं, असं होऊ शकतं.

वेळेत काम झालं नाही तर आराखडा स्थानिक संस्थेच्या हातातून जाऊही शकतो. पुण्याच्या वर उल्लेख केलेल्या आराखड्याचं २०१५ मध्ये तेच झालं: राज्य सरकारने तो ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला, आणि मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये आली. अशा वेळी कोणाकडे पाठपुरावा करायचा हे बदलतं, म्हणून बातम्यांवर नजर ठेवा.

शासनाकडे गेल्यावरही एक दार उघडं असतं. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासनाला मोठ्या स्वरूपाचे बदल करायचे असतील तर तेवढा भाग मंजुरीतून बाजूला काढतात आणि त्यावर पुन्हा हरकती-सूचना मागवतात. बोलताना याला सगळे 'ईपी' म्हणतात. सुनावणी त्यासाठी नेमलेला अधिकारी घेतो. ईपीच्या यादीत तुमचा सर्व्हे नंबर आहे का ते पाहा. पहिल्या फेरीतल्या अर्जाची पोच इथे कामाला येते.

१०. मंजूर झाल्यावरही तीन नोटिसांवर लक्ष ठेवा

आराखडा मंजूर झाला की पुढची वीस वर्षं तो जसाच्या तसा राहतो, हा गैरसमज आहे. बदल तुकड्यातुकड्याने होतात आणि तेव्हा गर्दी नसते, मोर्चे नसतात, बातमीही नसते.

पहिली नोटीस कलम ३७ ची. आराखड्यातला किरकोळ फेरबदल यातून होतो, एखाद्या आरक्षणाचं प्रयोजन बदलणं किंवा झोन बदलणं. हरकतीला एक महिना असतो. दुसरी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० ची: रस्त्याची रेषा आखण्यासाठी. रुंदीकरणाची बरीच प्रकरणं आराखड्यातून नव्हे तर याच मार्गाने येतात, आणि नोटीस त्या रस्त्यावरही लावलेली असते. तिसरी झाडांची. १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार झाड तोडण्याआधी झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते आणि हरकतीला फक्त सात दिवस मिळतात. झाडाला खिळलेला कागद दिसला तर त्याच दिवशी वाचा.

याशिवाय आरक्षणाच्या तारखेची नोंद ठेवा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ज्या मैदानासाठी तुम्ही भांडलात ते असं हातातून जाऊ द्यायचं नसेल, तर सातव्या-आठव्या वर्षापासून दर अंदाजपत्रकाच्या आधी महापालिकेला लेखी विचारत राहा: आरक्षण क्रमांक अमुक, संपादनासाठी यंदा तरतूद किती? अर्थात, दोन प्रती आणि पोच.